फॉर्मवरच्या दोन रिकाम्या ओळी

आलेलं पत्र, थोडं आटोपतं करून:

ताई, नमस्कार. मी पलूस तालुक्यातल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, वय छत्तीस. संस्थेची तीन रुग्णालयं आहेत, मोठं सांगलीत, आमचं साठ खाटांचं. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून इथे लागले त्याला अकरा वर्षं झाली. मध्यंतरी आमच्याकडे वॉर्ड इन्चार्जची जागा निघाली. फॉर्ममध्ये ‘उल्लेखनीय कामगिरी’ असा रकाना आणि पुढे दोन ओळी. मी पेन घेऊन बसले, पण काही सुचेनाच. रकाना तसाच सोडून फॉर्म दिला. जागा माझ्यापेक्षा चार वर्षांनी ज्युनिअर मुलीला मिळाली. मुलगी कामाची आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तिने त्या दोन ओळींना वेगळं पान जोडलं होतं म्हणे.

पान जोडायला माझ्याकडे आहे काय? २०१९ च्या पुरात तीन दिवस घरी गेले नाही, तळमजल्यावरचे पेशंट आणि फ्रीजमधलं इन्सुलिन वर हलवलं, पण ते सगळ्यांनीच केलं. अर्धांगाच्या पेशंटना बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ देत नाही, ते तर कामच आहे. साप चावलेला पेशंट आला की काचेची नळी माझ्या कपाटात असते म्हणून मला हाक मारतात, एवढंच. नव्या मुलींना सलाईन लावायला शिकवते. मागच्या महिन्यात न्यूमोनियाच्या एका आजींचा श्वास पहाटे तीनला मोजला तर २८ भरला, संध्याकाळी २० होता. डॉक्टरांना उठवलं. ‘सकाळपर्यंत थांबता आलं नसतं का?’ म्हणाले, पण आले. आजी बऱ्या झाल्या. डिस्चार्जच्या दिवशी मुलाने पेढ्यांचा बॉक्स डॉक्टरांच्या केबिनमध्ये नेऊन दिला. मला पेढ्याचं काही नाही हो ताई, पण त्या दिवशी घरी येऊन रडले.

१२ मेला, परिचारिका दिनाला, आम्हाला एकेक गुलाब मिळतो. भाषणात ‘आमच्या सिस्टर म्हणजे देवमाणसं’ असतं. १३ तारखेला पुन्हा चोवीस पेशंट आणि आम्ही दोघी. सासूबाई म्हणतात, सोड ती नोकरी, तेवढ्या पगारात बागेत एक गडी ठेवणं होत नाही. मैत्रीण जर्मन शिकतेय. आता सांगलीच्या रुग्णालयात तशीच इन्चार्जची जागा निघाली आहे, १५ तारखेपर्यंत फॉर्म द्यायचा. भरू का? आणि अकरा वर्षांत मी केलं काय, हे तुम्हीच सांगा.
एक सिस्टर

सिस्टर,

या सदरात मी सगळ्यांना अहो-जाहो करते. तुला मात्र तूच म्हणणार. बत्तीस वर्षं वॉर्डात काढून अधिसेविका, म्हणजे मेट्रन, म्हणून निवृत्त झालेल्या बाईला तेवढी मुभा दे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात लाल पेन होतं. ‘एवढंच’, ‘ते तर कामच आहे’, ‘सगळ्यांनीच केलं’ असं जिथे जिथे आलं, तिथे त्याच्या आधीच्या मजकुराखाली रेघ मारत गेले. काही ठिकाणी तू तेवढंही म्हटलेलं नाहीस, नुसतीच पुढे सरकलीस, तिथेही मारली. पत्र संपलं तेव्हा पाच रेघा झाल्या होत्या. फॉर्मवर ओळी दोन. तुझ्याकडे लिहायला काही नाही म्हणतेस, मला तर जागा पुरत नाहीये.

आधी त्या आजी.

‘पहाटे तीनला २८ भरला, संध्याकाळी २० होता.’ या एका वाक्यावर मी तुला इन्चार्ज केलं असतं. का ते जरा सविस्तर सांगते, कारण हे पत्र नर्सिंगच्या बाहेरचे लोकही वाचणार. आपल्याकडच्या टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर वॉर्डातला झाडून सगळा पेशंट मिनिटाला वीस श्वास घेतो. दमेकरी वीस, कालच ऑपरेशन झालेला वीस, घोरत पडलेला वीस. नाडी मॉनिटर सांगतो, ऑक्सिजन बोटाला लावलेली चिमटी सांगते. श्वास मात्र अजून कुणीतरी पेशंटच्या छातीकडे नजर लावून, घड्याळ बघत मोजावा लागतो. पूर्ण एक मिनिट. ते मिनिट नसतं, म्हणून वीस. माझ्या हाताखालच्या कितीतरी मुलींना मी या ‘वीस’वरून बोलले आहे, आणि खोटं कशाला सांगू, सुरुवातीच्या वर्षांत मीही लिहिलं आहे.

तुझं संध्याकाळचं वीस मोजलेलं होतं, म्हणून पहाटेच्या अठ्ठावीसला अर्थ आला. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली, पेशंट बिघडतोय हे लवकर ओळखण्यासाठी एक गुणपद्धत काढली आणि २०१७ साली ती सुधारली. तिच्यात १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला दोन, आणि २५ किंवा त्याहून जास्तला तीन. कुठल्याही एकाच मोजमापात तीन गुण भरले, तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी डॉक्टरांनी येऊन पेशंट बघायचा. तुझ्या आजी शून्यावरून तीनवर गेल्या होत्या. रक्तदाब कोसळण्याआधी पुष्कळदा श्वासच आधी वाढतो. ‘सकाळपर्यंत थांबता आलं नसतं का’ याचं उत्तर त्या दोन आकड्यांत होतं. तू ते फोनवर त्याच क्रमाने सांगितलंस का, एवढंच मला विचारायचंय. पहाटेच्या फोनला ‘सर, आजींना बरं वाटत नाहीये, जरा येता का’ असं म्हटलं की समोरचा कूस बदलतो. ‘सर, महिला वॉर्डातून बोलतेय. न्यूमोनियाच्या आजी, तिसरा दिवस. संध्याकाळी श्वास वीस होता, आत्ता पूर्ण मिनिट मोजला, अठ्ठावीस आहे. तुम्ही येऊन बघावं, तोवर मी ऑक्सिजन लावते’ असं म्हटलं की माणूस चिडला तरी चप्पल शोधायला लागतो. कोण, काय झालंय, आधी काय होतं, मी काय मोजलं, मला काय हवंय. नव्या मुलींना हे पाठ करून घे.

दुसरी रेघ काचेच्या नळीखाली आहे. ‘एवढंच’ हा शब्द तिथे वाचून मला हसूच आलं. सिस्टर, तुमच्या पट्ट्यात ऊस, पाण्याकाठची शेतं, वरून महापूर, आणि त्याच जिल्ह्यात नागपंचमीचं बत्तीस शिराळा. घोणस चावलेल्या माणसाचं रक्त गोठतंय की नाही हे कळायला मोठी लॅब लागत नाही. दोन मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकं करून बघायचं. रक्त पातळच राहिलं तर प्रतिसर्पविष सुरू करायचं हे ठरतं. नळी प्लास्टिकची असली की निकाल चुकतो, डिटर्जंटने धुतलेली असली तरी चुकतो, आणि घाईने अधूनमधून हलवून बघितली तरी चुकतो. नाग किंवा मण्यार असेल तर रक्त गोठूनही माणूस धोक्यात असतो, म्हणून त्याच वीस मिनिटांत पापण्या जड होतायत का हे बघत बसावं लागतं. ही सगळी तपासणी ज्या एका वस्तूवर उभी आहे ती वस्तू साठ खाटांच्या रुग्णालयात नेमकी तुझ्याच कपाटात का असते? बाकीच्यांच्या नळ्या फुटतात, हरवतात, कुणीतरी साबणाने घासून ठेवतं. तुझी असते. स्टोअरकीपरचं काम तू आपणहून अंगावर घेतलंस, आणि त्यावर माणसांचे जीव टांगलेले आहेत. सर्पदंशाचा पेशंट आला की लोक नळीला नव्हे, तुला हाक मारतात, हेही लक्षात घे.

आता बेडसोअर. ‘ते तर कामच आहे.’ हो, आहेच. शेतकऱ्याचं पिकवणं हेही कामच आहे, म्हणून उत्पन्न मोजत नाहीत का? मुंबईच्या केईएममधल्या परिचारिकांनी आपल्याच एका सहकारी सिस्टरला, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांना, १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे त्यांच्या शेवटच्या श्वासापर्यंत सांभाळलं. बेचाळीस वर्षं. त्यांच्या दयामरणाच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्यात या परिचारिकांच्या सेवेचं तोंडभरून कौतुक आहे, आणि इतकी वर्षं अंथरुणात असूनही त्यांना बेडसोअर झालेला नाही याची दखल आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची चुणी काढायची, टाचांखाली घडी ठेवायची, ओलं राहू द्यायचं नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जी गोष्ट कामगिरी म्हणून गेली, ती आपण ‘काम’ म्हणून झटकून टाकतो.

यात आपली खरी पंचाईत आहे. सर्जनने केलेलं काम दिसतं, टाके असतात, एक्स-रे असतो. आपलं काम चांगलं झालं की काहीच होत नाही. जखम झाली नाही, पेशंट पडला नाही, चुकीचं इंजेक्शन गेलं नाही, इन्सुलिन खराब झालं नाही. न झालेल्या गोष्टीचा फोटो काढता येत नाही, सत्कारही होत नाही. मग तिचा पुरावा एकच उरतो, आकडा. आणि तो आकडा दुसरं कुणी आपल्यासाठी ठेवत नाही.

१२ मेच्या गुलाबावरून आठवलं. त्या दिवशी जिच्या नावाने दिवे लावतो त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचा दिवा शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. त्यांच्या वह्या कुणाला माहीत नाहीत. क्रिमियाच्या युद्धातून परत आल्यावर त्या भाषणं करत फिरल्या नाहीत. किती सैनिक जखमांनी गेले आणि किती टाळता येण्यासारख्या रोगांनी गेले याचे महिनावार आकडे त्यांनी मांडले, रंगीत पाकळ्यांसारख्या आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले. दुसरा ढीग पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा होता. १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं, असं सभासदत्व मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. आपण शपथेत दिवा धरतो. मला विचारशील तर एखाद्या वर्षी वही धरावी.

हे सासूबाईंना सांगायचं झालं तर नाइटिंगेलची गरज नाही. त्यांच्या बागेतलं द्राक्ष युरोपला जात असेल, तर कोणतं औषध कोणत्या तारखेला किती मारलं याची फवारणीची वही त्यांच्या घरात असणारच. बाग कितीही गोड पिकली तरी वही नसेल तर निर्यातीचा माल अडतो. ऑक्टोबर छाटणीपासूनचा हिशेब ज्या घरात रोज लिहिला जातो, त्या घरच्या सुनेने अकरा वर्षांचा हिशेब कोरा ठेवावा, याचं मला नवल वाटतं.

मलाही ही अक्कल आपसूक आलेली नाही. नोकरीचं सातवं वर्ष होतं. कुठलं रुग्णालय ते जाऊ दे. रात्रपाळीला पोटाचं ऑपरेशन झालेला एक माणूस बिघडला. मी दोन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांना फोन केला. ते आले तीन-चाळीसला. माणूस वाचला, पण पुन्हा टेबलावर घ्यावा लागला आणि नातेवाइकांनी तक्रार केली. चौकशीत डॉक्टर म्हणाले, फोन साडेतीनला आला. समोरच्या साहेबांनी नर्सेस रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला, बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, ‘सिस्टर, दोन-दहाची नोंद कुठे आहे?’ नव्हती. मी पेशंटच्या उशाशी होते, लिहायला टेबलापर्यंत गेलेच नव्हते. मला लेखी ताकीद मिळाली. ती फाईल आजही कुठल्यातरी कपाटात असेल. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक छोटी वही घेतली, एप्रनच्या खिशात मावेल अशी. निवृत्तीच्या दिवशी अशा एकोणतीस वह्या झाल्या होत्या. सून म्हणते रद्दीत द्या. बघू.

तर आता फॉर्म. भर, यात विचारण्यासारखं काही नाही. ‘रुग्णसेवेची मनापासून आवड’ हे वाक्य मात्र चुकूनही लिहू नकोस, त्या ढिगातल्या प्रत्येक फॉर्मवर ते असणार. दोन ओळींत ‘तपशील सोबतच्या पानावर’ लिही आणि पान जोड. पानावर विशेषणं नकोत. बेडसोअरचं असं लिही: गेल्या तीन महिन्यांत वॉर्डात अंथरुणाला खिळलेले पेशंट किती, त्यांचे मिळून दिवस किती, दाखल झाल्यानंतर नव्याने झालेल्या जखमा किती. हिशेब सोपा आहे. वीस खाटा महिनाभर भरलेल्या असल्या तर सहाशे पेशंट-दिवस होतात. त्यात तीन नव्या जखमा झाल्या तर हजार दिवसांमागे पाच. पुढच्या तिमाहीत तो आकडा कुठे गेला ते त्याच्या शेजारी. झालेली जखम लपवू नकोस. ‘एकही नाही’ असा कागद समोर आला की जुन्या मेट्रनला लगेच वास येतो. ‘दोन झाल्या, दोन्ही रात्रपाळीत, म्हणून रात्रीच्या कूस बदलण्याचा तक्ता खाटेला लावला, त्यानंतर इतक्या’ असं लिहिणाऱ्या बाईच्या हातात मी वॉर्ड देईन. आणि हे सगळं नर्सेस रिपोर्टवरून काढ. घरच्या वहीत पेशंटचं नाव, पत्ता, चार्टचा मोबाईलवरचा फोटो असलं काही चालणार नाही. तिथे फक्त तारीख आणि आकडा.

पुराचंही लिही. ‘सगळ्यांनीच केलं’ हे खरं असेल, पण सगळ्यांनी काय काय केलं ते तुला आठवतंय का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. त्या गोंधळात पेशंट वर न्यायचं कुणालाही सुचतं. फ्रीजमधलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत राहिलं पाहिजे, वीज गेली तर ते बर्फाच्या पेटीत घालावं लागेल आणि गोठूही द्यायचं नाही, हे त्या वेळी सुचणं वेगळं. किती पेशंट, किती तास वीज नव्हती, औषध वाया गेलं की नाही. तीन ओळी. सत्काराच्या यादीत तुझं नाव नसेलही. मग निदान तुझ्या कागदावर तरी असू दे.

मागच्या वेळच्या निवडीबद्दल मेट्रनना भेट. कॉरिडॉरमध्ये गाठून नाही, राउंड झाल्यावर वेळ मागून. ‘माझं काय चुकलं’ हा प्रश्न विचारू नकोस, त्याला उत्तर म्हणून सांत्वन मिळतं. ‘या जागेसाठी तुम्ही कागदावर काय बघता?’ असं विचार, आणि त्यांच्यासमोरच लिहून घे.

आता मला जरा रागाने बोलायचं आहे. ‘देवमाणसं’, ‘खंबीर’, ‘सहनशील’ हे शब्द मला आताशा ऐकवत नाहीत. ज्याला देव म्हटलं त्याला जेवायची सुट्टी लागत नाही, असा त्याचा सोयीस्कर अर्थ निघतो. चोवीस पेशंट आणि दोघी. तासाला दोघींची मिळून एकशेवीस मिनिटं, म्हणजे पेशंटमागे पाच. त्यात इंजेक्शन, ड्रेसिंग, लिहिणं, नातेवाइकांचं ‘सिस्टर, जरा बघता का’. आजींचा श्वास तू पूर्ण मिनिट मोजलास म्हणजे त्यांच्या वाट्याच्या वेळेतला पाचवा हिस्सा एका आकड्यावर घातलास. हे खंबीरपणाने सुटणारं गणित नाही, माणसं वाढवून सुटणारं आहे. दर पाळीला हॅण्डओव्हरच्या वहीत पहिली ओळ हीच लिहीत जा: आज इतके पेशंट, इतक्या सिस्टर. तक्रारीचा एकही शब्द नको. तीन महिन्यांनी ती पानं मेट्रनच्या हातात दे. त्यांनाही व्यवस्थापनाशी भांडायला काहीतरी लागतंच, हे मी त्या खुर्चीत बसून सांगते. दोघीत एकीने जेवायला जायचं आणि दुसरीने बघायचं, हेही ठरवून टाक. डबा न उघडता परत नेणारी सिस्टर मला कधीच कौतुकाची वाटली नाही. पहाटे चारला तिचाच हात चुकतो.

पगाराबद्दल सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता, त्यानंतर २०१६ साली केंद्राच्या समितीने शिफारशी केल्या. २०० खाटांच्या वर असेल तर सरकारी परिचारिकेइतका पगार, १०० ते २०० ला फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या आत असेल तरी महिना २०,००० च्या खाली नाही. तुमचं साठ खाटांचं म्हणजे तिसऱ्या गटातलं. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, पण पगाराचं बोलायला बसताना हा कागद हातात असावा, आणि एकटीने बसू नये.

जर्मनीला जायचं असेल तर जा, छत्तीस हे काही वय नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून क्लासच्या जाहिराती खूप दिसतात. नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारण बी-टू पातळीपर्यंत भाषा लागते, म्हणजे वर्ष-दीड वर्षाची घासाघीस, तीही ड्युटी सांभाळून. कुणी लाखभर आगाऊ मागितले किंवा पासपोर्ट ‘आमच्याकडे राहू दे’ म्हणाला तर तिथून उठून ये. पण पेढ्यांच्या बॉक्ससाठी देश सोडू नकोस. बॉक्स तिथेही चुकीच्या केबिनमध्ये जातो. राहणार असशील तर शिक. इमर्जन्सीचा किंवा क्रिटिकल केअरचा पोस्ट बेसिक डिप्लोमा एक वर्षाचा असतो, पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांची. सर्पदंश आणि पूर ज्या बाईच्या हाताखालून गेले तिला इमर्जन्सीचा डिप्लोमा शोभेल. त्यासाठी पलूस सोडून लांब जायलाच हवं असं नाही. ज्या जिल्ह्यात मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली उभं राहिलं, तिथे नर्सिंग शिकवणाऱ्यांची वानवा नाही. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण कधी आहे ते मात्र आजच बघ. ऐन मुलाखतीच्या आठवड्यात मुदत संपलेल्या सिस्टर मी पाहिल्या आहेत.

राहायचं की जायचं हे रात्रपाळीहून आल्यावर ठरवायचं नाही. आधी झोप, मग भाकरी, मग निर्णय. राजीनामा लिहायचाच असेल तर सलग दोन दिवस सुट्टी घेऊन लिही.

आजींचे पेपर एव्हाना रेकॉर्ड रूमला गेले असतील. मेट्रनची परवानगी घेऊन तारीख आणि ते दोन आकडे उतरवून आण. पानावर सगळ्यात वर तेच घाल.

पाचवी रेघ राहिली. ‘नव्या मुलींना सलाईन लावायला शिकवते.’ पान कसं लिहितात हे अजूनही कळत नसेल, तर त्या ज्युनिअर मुलीकडे जा आणि तिचं बघायला माग. ती देईल. चार वर्षांनी ज्युनिअर म्हणजे सात वर्षांपूर्वी ती तुझ्याच वॉर्डात नवी असणार, आणि तिला पहिली शीर बहुतेक तूच शोधून दिली असशील.